निफ्टीच्या स्क्रिप्टच्या प्रकल्प नोंदी: दोन रात्री, दोन उत्तरं

१ नोव्हेंबर २०२५, शनिवार

परवा रात्री आणि काल रात्री एकच स्क्रिप्ट चालवली. मामाच्या शेअर बाजारातल्या सौद्यांच्या नियमात तीन आकडे आहेत; ते किती ठेवावेत हे ती जुन्या भावांवर पारखून शोधते. डेटा तोच, मशीन तेच, आणि कोडमधली एक ओळही बदललेली नाही. तरी उत्तरं दोन आली. परवाचा सर्वोत्तम संच होता वेगवान ईएमए (अलीकडच्या भावांना जास्त वजन देणारी चालती सरासरी) ११, संथ ईएमए ४५, एटीआरचा (भाव सरासरी किती हलतो त्याच्या मापाचा) गुणक २.३. कालचा होता १७, ७०, १.४. दोन्हींचा शार्प रेशो, म्हणजे परतावा भागिले त्याचं विचलन (चढउतार), चारच्या आसपास. पाणी कुठेतरी मुरतंय, आणि ते सापडेपर्यंत यातला एकही आकडा मामाला सांगायचा नाही, असं ठरवलंय.

पुढे गोंधळ नको म्हणून मांडणी इथे लिहून ठेवते. सिस्टीम मामाची आहे. सांगलीत हळदीची अडत सांभाळता सांभाळता गेली काही वर्षं तो निफ्टी फ्युचर्सचा (निफ्टी निर्देशांकाच्या, ठरावीक तारखेला संपणाऱ्या करारांचा) तासाचा चार्ट बघून सौदे करतो. वेगवान ईएमए संथ ईएमएच्या वर असेल तर खरेदीत राहायचं, आणि भाव अलीकडच्या उच्चांकापासून एटीआरच्या अमुक पट खाली बंद झाला की बाहेर पडायचं. मंदीचा सौदा करायचा नाही. हे तीन आकडे किती ठेवावेत, एवढंच त्याला माझ्याकडून हवं आहे. पाडव्याला नव्या वहीत पहिला सौदा लिहायचा त्याचा बेत होता. पाडवा २२ ऑक्टोबरला होऊन गेला, आणि मी अजून इथेच आहे.

डेटा जानेवारी २०१८ ते ऑक्टोबर २०२५ असा, एक मिनिटाचा. वेगवान ईएमए ५ ते ३० (पायरी १), संथ २० ते १२० (पायरी ५), गुणक १.० ते ३.० (पायरी ०.१). म्हणजे २६ × २१ × २१, एकूण ११,४६६ संच. आठ प्रोसेसच्या पूलवर, म्हणजे काम आठ जणांत वाटून एकाच वेळी चालवलं तर, सगळं मिळून ३ तास ४० मिनिटं लागतात.

२ नोव्हेंबर, रविवार

सापडलं. सकाळी पूल काढून टाकला आणि एकच संच एकट्याने चालवला: ११, ४५, २.३. शार्प ३.१. मग आधी १७, ७०, १.४ आणि त्यानंतर लगेच ११, ४५, २.३ असे दोन चालवले. आता त्याच संचाचा शार्प ३.६. क्रम उलटा केला तर दुसऱ्याचा आकडा बदलला. एका संचाच्या उत्तराला आधी कोण येऊन गेलं याची खबर लागते आहे, म्हणजे दोघांच्या मध्ये काहीतरी सामायिक आहे.

ते सामायिक म्हणजे डेटाफ्रेम, भावांचा ओळी-कॉलमांचा तक्ता. स्क्रिप्टच्या सुरुवातीला पोझिशनचा (खरेदीत असलो तर १, नसलो तर ०) कॉलम एकदाच शून्यांनी भरलेला होता. त्यानंतर प्रत्येक संच त्याच फ्रेमवर लिहीत होता: वेगवान वर असेल त्या ओळींत १, स्टॉप (बाहेर पडायची अट) लागला त्या ओळींत ०. ज्या ओळींत यातलं काहीच लागू होत नाही, तिथे कुणीच काही लिहीत नव्हतं, कारण तिथे शून्य आहेच असं गृहीत धरलेलं. पहिल्या संचापुरतं ते खरं असतं. दुसऱ्या संचापासून त्या ओळींत आधीच्या संचाचे १ शिल्लक राहतात. पाटी न पुसता तिच्यावर दुसरं गणित मांडावं, तसं.

पूलमध्ये हे आणखी बिघडतं. प्रत्येक प्रोसेसकडे फ्रेमची स्वतःची प्रत असते आणि ती तिच्या वाट्याला आलेल्या सगळ्या संचांसाठी वापरली जाते. कोणता संच कोणाच्या वाट्याला आणि कोणाच्या मागून येणार, हे त्या क्षणी कोण मोकळं आहे यावर ठरतं. म्हणून दोन रात्री, दोन उत्तरं. एकट्याने चालवलं की मात्र नेहमी बरोबर उत्तर. त्यामुळेच माझ्या आधीच्या सगळ्या चाचण्या पास होत राहिल्या, कारण त्यात मी संच एकेक करूनच तपासले होते.

दुरुस्ती छोटी आहे: पोझिशनची मालिका फंक्शनच्या आत नव्याने बनवायची आणि मूळ फ्रेमला हात लावायचा नाही. शिवाय एक चाचणी कायमची घातली. पन्नास संच सरळ क्रमाने, तेच उलट क्रमाने, तेच पिसून. तिन्हीकडे आकडे शेवटच्या दशांशापर्यंत सारखे आलेच पाहिजेत. आता येतात.

३ नोव्हेंबर, सोमवार

रात्रीची रन संपली. पुन्हा चालवली, तेच उत्तर. स्थिर झालं.

पण सर्वोत्तम संच कोणता? वेगवान २०, संथ २०, गुणक १.०.

वेगवान आणि संथ सारखेच असतील तर एक दुसऱ्याच्या वर जाणार कसा? या संचात एकही सौदा नाही. सौदा नाही म्हणून परतावा शून्य, परताव्याचं विचलनही शून्य, आणि शून्य भागिले शून्य म्हणजे नॅन, 'हा आकडाच नाही' अशी खूण. नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीतल्या आर्गमॅक्सला (सर्वांत मोठ्या आकड्याची जागा सांगणाऱ्या फंक्शनला) यादीत नॅन दिसला की तो पहिल्या नॅनचीच जागा परत देतो, बाकी यादीत काहीही असो. पँडाज या तक्त्यांच्या लायब्ररीतला तसाच आयडीएक्समॅक्स तसं करत नाही, तो नॅन वगळतो. मला हा फरक माहीत होता, पण स्क्रिप्टचा हा भाग जुना होता आणि मी तो वाचलाच नव्हता. वर इशारे बंद करणारी एक ओळही होती. ती नसती तर शून्याने भागल्याचा इशारा काल रात्रीच स्क्रीनवर आला असता. ओळ काढून टाकली.

ताळा करून पाहिला. वेगवान आणि संथ सारखे असण्याच्या जागा तीनच: २०, २५ आणि ३०. प्रत्येकी २१ गुणक, म्हणजे ६३ नॅन. यादीत मोजले, बरोबर ६३. ताळा जुळला की जीव भांड्यात पडतो. कालपर्यंत हे नॅन का दिसले नव्हते तेही कळलं: या संचांना आधीच्या संचांची उरलेली पोझिशन मिळत होती, म्हणजे एका चुकीने दुसरी झाकली होती.

वेगवान संथाइतका किंवा त्याहून मोठा असेल असे सगळेच संच आता आधीच गाळले. ते ३७८ निघाले, उरले ११,०८८. शिवाय आठ वर्षांत शंभराहून कमी सौदे देणाऱ्या संचाला गुणच नाहीत.

जाता जाता: गुणक १.२ ची नोंद शोधायला गेले तर सापडेना. ठरावीक पायरीने आकडे बनवणाऱ्या अरेंज या फंक्शनने बनवलेला १.२ प्रत्यक्षात १.२०००००००००००००२ होता. आता पायऱ्या पूर्णांकात, १० ते ३०, आणि वापरताना दहाने भागायचं.

५ नोव्हेंबर, बुधवार

गुरुनानक जयंती, बाजार बंद. नवी रन झाली: ९, ३५, १.७ आणि शार्प ३.९. दोनदा चालवली, दोनदा तेच.

मामाचा फोन आला. "झालं का गं? काय आले आकडे?" मी म्हटलं, "मामा, आकडे आलेत, पण इतके चांगले आहेत की माझा विश्वास बसत नाही." तो म्हणाला, "चांगले आलेत तर अडचण काय?" त्यावर मी त्याला विचारलं, "तुझ्या यार्डात कुणी एकाच मोसमात दर सौद्याला फायद्यात राहिलेला पाहिलायस?" थोडा वेळ गेला. मग म्हणाला, "बघ मग अजून. घाई नाही."

खरं तर त्याला घाई आहे, मला ठाऊक आहे. म्हणून हे नीट व्हायला हवं.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज संगणकाने शोधून दिलेलं काही बघायचं नाही, डोळ्यांनी बघायचं असं ठरवून बसले. ऑक्टोबरमधला एक दिवस घेतला. डावीकडे टर्मिनलवरचा तासाचा चार्ट, उजवीकडे माझ्या स्क्रिप्टचे तासाचे बार (एका तासाचे उघडता, उच्च, नीच आणि बंद भाव). चार्टवरचा पहिला बार ९:१५ ते १०:१५. माझा पहिला बार बघितला तर त्यात उच्च-नीचचं अंतर फारच कमी, चार्टच्या निम्मंही नाही.

डेटा यूटीसीमध्ये, भारताच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत, साठवलेला आहे. बाजार उघडतो ९:१५ ला, म्हणजे यूटीसीचे ३:४५. पँडाजला ६० मिनिटांचं रीसॅम्पल (मिनिटांचे तासाचे बार बनवायला) सांगितलं की तो पूर्ण तासावर कापतो: ३:००, ४:००, ५:००. आपल्या घड्याळात हे काप ८:३०, ९:३०, १०:३० असे पडतात. म्हणजे माझा पहिला "तास" ९:१५ ते ९:३० असा फक्त पंधरा मिनिटांचा, आणि बाकीचे सगळे चार्टपेक्षा पंधरा मिनिटांनी सरकलेले.

हे आधी का कळलं नाही, याचं उत्तर मला महत्त्वाचं वाटतं. एका साध्या दिवसात किती बार बनतात याची तपासणी स्क्रिप्टमध्ये होती: ७ हवेत. यूटीसीवर कापले तर ७ येतात. भारतीय वेळ करून पूर्ण तासावर कापले, ९:०० पासून, तरी ७ येतात. आणि बरोबर कापले, ९:१५ पासून, शेवटचा ३:१५ ते ३:३० चा तुकडा धरून, तरीही ७. तिन्ही रीतींनी तीच संख्या! मोजणी बरोबर होती, पण ज्याची मोजणी केली ते चुकीचं होतं. आता तपासणी बदलली: प्रत्येक बारात किती मिनिटं आहेत ते बघायचं, ६०, ६०, ६०, ६०, ६०, ६०, १५, याच क्रमाने.

वेळ भारतीय केली, रीसॅम्पलला १५ मिनिटांचा ऑफसेट दिला. चार्टशी आठवड्याभराचे बार ताडून पाहिले, जुळले.

नवी तपासणी लावताच काही दिवस लगेच बाहेर पडले. २१ ऑक्टोबर २०२५ चं दिवाळीचं तासाभराचं मुहूर्ताचं सत्र यंदा दुपारी १:४५ ते २:४५ होतं. २०२४ मधलं संध्याकाळी सहाला होतं, त्यामुळे ९:१५ ते ३:३० च्या चाळणीत आपोआप गळायचं. यंदाचं दिवसाउजेडी होतं म्हणून चाळणीतून आत आलं, आणि एका तासाचा दिवस पूर्ण दिवसासारखा मोजला गेला. २ मार्च २०२४ चा शनिवार, दोन तुकड्यांतलं विशेष सत्र. आणि २४ फेब्रुवारी २०२१: एनएसईचे व्यवहार पावणेबाराच्या सुमारास थांबले आणि दुपारी ३:४५ ते ५:०० असे पुन्हा झाले. चाळणीने तो शेवटचा सव्वा तास कापून टाकला होता, म्हणजे स्क्रिप्टच्या लेखी त्या दिवशी बाजार दुपार व्हायच्या आत संपला. अशा दिवसांची यादी आता हाताने केलेली, स्वतंत्र फाइलमध्ये. इथे हुशारी नको, यादीच बरी.

९ नोव्हेंबर, रविवार

शार्प ३.७. अजूनही अशक्य.

एक सौदा घेतला आणि मिनिट-मिनिट वाचला. संकेत तासाच्या बारावरून येतो, सौदा मिनिटाच्या भावाने होतो. स्क्रिप्टने खरेदी केली १०:१६ ला. कोणत्या बारावरून? १०:१५ अशी नोंद असलेल्या. तो बार १०:१५ ला सुरू होतो आणि ११:१५ ला संपतो. त्याचा बंद भाव, आणि त्यावरचा ईएमए, ११:१५ च्या आधी या जगात कुणालाच माहीत नसतो. माझ्या स्क्रिप्टला तो १०:१६ ला माहीत होता.

रीसॅम्पल बारावर त्याच्या सुरुवातीची वेळ लिहितो. मी ती मालिका मिनिटांच्या मालिकेला जोडताना मागची किंमत पुढे भरत नेली. त्यामुळे प्रत्येक तासाच्या पहिल्या मिनिटाला त्या तासाच्या शेवटाचं ज्ञान मिळत होतं. चार्टवर हे दिसत नाही, कारण चार्टवर बाण बाराखालीच उमटतो आणि आपण तो पूर्ण झालेला बारच बघतो. मामाही तसाच बघतो, पण तो बार पूर्ण झाल्यावर सौदा टाकतो. स्क्रिप्ट थांबत नव्हती.

आता बारावर शेवटची वेळ लिहायची, आणि सौदा त्यानंतरच्या मिनिटाच्या उघडत्या भावाने. याचीही चाचणी घातली: कोणत्याही एका मिनिटानंतरचा सगळा डेटा बदलून कचरा भरायचा, आणि त्या मिनिटापर्यंतचे संकेत जसेच्या तसे राहतात का ते पाहायचं. जुन्या कोडवर ही चाचणी लगेच नापास झाली. नव्यावर पाचशे यादृच्छिक मिनिटांसाठी पास.

१० नोव्हेंबर, सोमवार

रात्रीची रन. सर्वोत्तम शार्प १.२.

३.९ वरून १.२. वाईट वाटायला हवं होतं, पण पहिल्यांदाच हा आकडा ओळखीचा वाटला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

खर्च. मामाला फोनवर हे सांगताना सोपं गेलं, कारण त्याच्याकडे याचं रोजचं उदाहरण आहे. शेतकऱ्याला देतात त्या पट्टीवर हळदीचा भाव कितीही असो, हमाली आणि तोलाई वजा केल्याशिवाय हातात काय पडतं ते कळत नाही. माझ्या स्क्रिप्टची पट्टी वजावटीशिवायच छापली जात होती.

विक्रीच्या बाजूचा एसटीटी (सौद्यांवरचा सरकारी कर) फ्युचर्सवर १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.०२ टक्के झाला. त्याआधी १ एप्रिल २०२३ पासून ०.०१२५, आणि त्याच्या आधी ०.०१ टक्का. निफ्टी २५,५०० धरला तर ७५ च्या एका लॉटची (सौद्याच्या किमान गठ्ठ्याची) किंमत १९,१२,५००, आणि नुसता एसटीटी ३८२ रुपये ५० पैसे. त्यावर ब्रोकरेज, एक्स्चेंजचं शुल्क, जीएसटी, आणि भाव सरकण्यासाठी (हवा तोच भाव मिळत नाही म्हणून) दर बाजूला दोन पॉइंट. हे सगळं तारखेनुसार घातलं.

लॉटचा आकारही सगळ्या वर्षांना ७५ धरलेला होता. प्रत्यक्षात २०२१ मध्ये ७५ चा ५० झाला, एप्रिल २०२४ अखेरीस २५, आणि २० नोव्हेंबर २०२४ पासून नव्या करारांना पुन्हा ७५. "नव्या करारांना" हे शब्द महत्त्वाचे. आधीपासून चालू असलेले करार जुन्याच आकारावर संपले, म्हणून तक्ता तारखेला नाही तर कराराला बांधला.

तिथेच एक्स्पायरीचा, म्हणजे करार संपण्याच्या दिवसाचा, घोळ दिसला. स्क्रिप्ट महिन्याचा शेवटचा गुरुवार काढून त्या दिवशी पुढच्या करारात जायची. सप्टेंबर २०२५ पासून एनएसईवर हा दिवस शेवटचा मंगळवार झाला आहे. ऑक्टोबरचा करार २८ तारखेला संपला आणि माझी स्क्रिप्ट ३० तारखेपर्यंत तो धरून बसलेली. दोन दिवस भाव एकाच जागी, कारण भाव नव्हताच, मागचाच पुढे ओढलेला.

पण सगळ्यात मोठी चूक जोडावर होती. जवळचा करार संपताना पुढचा बहुतेक वेळा त्याच्यापेक्षा वर असतो, कधी शंभर पॉइंट, कधी त्याहून जास्त. मी दोन मालिका एकापुढे एक चिकटवल्या होत्या, त्यामुळे खरेदीत असलेल्या माणसाला दर रोलओव्हरला (एका करारातून पुढच्यात जाताना) ती फट फायदा म्हणून मिळत होती. खरं तर तिथे एक करार विकून दुसरा महागात घ्यायचा असतो, खिशात काहीच येत नाही. ऑप्टिमायझरला, स्क्रिप्टच्या सर्वोत्तम संच निवडणाऱ्या भागाला, हे फार आवडलं असणार: रोलओव्हरच्या दिवशी हमखास खरेदीत राहणारे संथ संच वर चढत होते. आता संकेतासाठी ती फट काढून जुळवून घेतलेली मालिका, आणि नफा-तोटा ज्या-त्या कराराच्या खऱ्या भावाने.

शार्प ०.८.

१६ नोव्हेंबर, रविवार

आता कोडमध्ये चूक राहिली आहे असं वाटत नाही. प्रश्न असा आहे की ११,०८८ संचांमधून पहिला आलेला ०.८ म्हणजे काय. इतक्या जणांना पळवलं तर कुणीतरी पहिलं येणारच.

म्हणून काल रात्री दुसरी रन लावली होती. दिवसांचा क्रम पिसायचा: दिवसाच्या आतली टक्क्यांमधली चाल तशीच, पण २०२० चा मार्च कुठे आणि २०२३ चा डिसेंबर कुठे याला धरबंध नाही. अशा डेटात अनेक दिवस चालणारा कल उरत नाही, फक्त निफ्टीची एकूण चढण उरते. यावर तेच ऑप्टिमायझेशन २० वेळा. वेळ पुरावा म्हणून गुणकाची पायरी ०.५ केली, २,६४० संच, एका फेरीला पाऊण तासाहून थोडं जास्त. दुपारी तीनला संपलं.

खऱ्या डेटावर याच जाळीत सर्वोत्तम ०.७७. पिसलेल्या वीस फेऱ्यांचे सर्वोत्तम ०.४ ते १.० च्या मध्ये, आणि त्यातले चार ०.७७ च्या वर.

म्हणजे कल नसलेल्या बाजारातही पाचातून एकदा एवढा आकडा हाती लागतो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पुढे सरकत जाणारी चाचणी: दोन वर्षांवर संच निवडायचा, पुढच्या सहा महिन्यांवर तो तपासायचा, मग सहा महिने पुढे. जानेवारी २०२० ते जून २०२५ असे अकरा तुकडे. अकरापैकी सातांत फायदा, चारांत तोटा. निवडलेला वेगवान ईएमए दर तुकड्याला ८, २६, ११, २९ असा उड्या मारतो. संथ मात्र बहुतेक वेळा ६० ते ९० च्या पट्ट्यात राहतो. नकाशा रंगवून पाहिला तर तिथे सुळका नाही, बुटकं पठार आहे: वेगवान १२ ते २२, संथ ६० ते ९०, गुणक २ च्या पुढे काहीही, शार्प ०.४ ते ०.६.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सांगलीला आले. लॅपटॉप मामाच्या पेढीवर, गादीवर ठेवून तासभर सगळं दाखवलं. त्याला कोडमध्ये रस नव्हता, पण १०:१६ चा सौदा त्याने तीन वेळा बघितला. "म्हणजे याला उद्याचा भाव आज कळत होता," तो म्हणाला. मग पिसलेल्या दिवसांचे वीस आकडे एका कागदावर स्वतः उतरवून घेतले, चढत्या क्रमाने लावले आणि ०.७७ च्या जागी पेनने रेघ ओढली. रेघेच्या वरचे चार पुन्हा मोजले.

"तू सध्या कितीवर चालवतोस?" मी विचारलं. "१५ आणि ७५," तो म्हणाला, "कुणी सांगितलेलं नाही, बघून बघून बसलंय." पठाराच्या मधोमध. मी त्याला नकाशावर ती जागा दाखवली.

ठरलं ते असं. आकडे १५, ७५ आणि गुणक २.५. मार्च अखेरपर्यंत पैसे नाहीत, कागदावर. स्क्रिप्ट तिचे सौदे लिहील, मामा त्याच्या वहीत त्याचे, आणि दर शनिवारी दोन्हींचा मेळ घालायचा. डिसेंबरच्या एक्स्पायरीनंतर लॉट ६५ चा होणार आहे, तो बदल तक्त्यात आत्ताच घातला.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

पहिला कागदी रोलओव्हर. स्क्रिप्टने आज नोव्हेंबरचा करार विकला आणि त्याच मिनिटाला डिसेंबरचा घेतला. मंगळवार, बरोबर. जोडावर नफा शून्य, खर्चाची वजावट दोन्ही बाजूंना वेगळी. साडेचारला मामाने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. त्याचा विक्रीचा भाव माझ्यापेक्षा तीन पॉइंटने कमी आहे. मी सरकण्यासाठी दोन धरले होते. शनिवारी बघायचं.